एव्हबरीचा ओबेलिस्क: दगडच उरला नाही, तर तो होता हे कशावरून?

इंग्लंडमधील स्विंडनला मुलाकडे राहायला गेलेल्या एका वाचकांनी जवळचे एव्हबरी हे पुरातन दगडी वर्तुळांचे गाव पाहिले आणि तिथल्या एका गोष्टीविषयी मला विचारले आहे. गावाला वेढणारा मातीचा बांध, खंदक आणि उभे दगड पाहून ते दक्षिण भागात आले, तेव्हा गवतात काँक्रीटचा एक निमुळता ठोकळा दिसला. या जागी ‘ओबेलिस्क’ नावाचा, एव्हबरीतला एक सर्वांत थोर दगड उभा होता, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांचे प्रश्न तीन आहेत. दगड जागेवर नाही, तर तो होता हे कशावरून मानायचे? तो गेला कुठे? आणि इतके दगड पुन्हा उभे केले, तर हाच का केला नाही? नातीने ‘मग आजोबा, दगड कुठंय?’ असे विचारले आणि आपल्याला उत्तर देता आले नाही, असेही त्यांनी लिहिले आहे. माझे स्वतःचे काम विदर्भातील शिलावर्तुळांवरचे आहे. एव्हबरीला मात्र मी दोनदा जाऊन सावकाश हिंडलो आहे आणि तिथल्या उत्खननांचे अहवाल कामाचा भाग म्हणून वाचत आलो आहे, त्या आधाराने उत्तर देतो.

आधी जागा नीट समजून घेऊ. आपल्याकडे किल्ले पाहिलेल्या माणसाला एव्हबरीत पहिल्यांदा खटकते ते हे की, खंदक आत आहे आणि बांध बाहेर. भुईकोट किल्ल्याला खंदक तटाच्या बाहेर असतो, कारण तो शत्रूला अडवण्यासाठी खणलेला असतो. इथे उलटे आहे, म्हणून ही संरक्षणाची रचना नव्हे, हे जमिनीवर उभे राहूनच कळते. इसवी सनापूर्वी सुमारे २६००च्या आसपास आजचा बांध-खंदक तयार झाला, असे साधारण मानले जाते. त्याने वेढलेले क्षेत्र सुमारे २८ एकर भरते. आज दिसणारा खंदक गाळाने निम्मा भरलेला आहे. १९०८ ते १९२२ या काळात हॅरॉल्ड सेंट जॉर्ज ग्रे यांनी तळापर्यंत चर घेतले, तेव्हा मूळ खोली सुमारे नऊ मीटर आणि काही ठिकाणी त्याहून अधिक असल्याचे दिसले. खणणाऱ्यांची हत्यारे म्हणजे हरणांची शिंगे, आणि तीही तिथेच टाकलेली सापडली. खंदकाच्या आतल्या काठाने सुमारे शंभर दगडांचे मोठे वर्तुळ होते, आणि त्या वर्तुळाच्या पोटात प्रत्येकी साधारण शंभर मीटर व्यासाची दोन लहान वर्तुळे होती. उत्तरेकडच्या वर्तुळाच्या मध्यभागी तीन प्रचंड दगडांचा आडोसा होता, त्याला ‘कोव्ह’ म्हणतात. त्यातले दोन आज उभे आहेत. दक्षिणेकडच्या वर्तुळाच्या आत एकच उंच दगड होता. तोच ‘ओबेलिस्क’.

हे नाव विल्यम स्ट्यूकली यांचे. ते पेशाने वैद्य होते, पुढे धर्मगुरू झाले. १७१९ ते १७२४ या वर्षांत ते एव्हबरीला वारंवार येऊन मुक्काम करत, दगड मोजत, आराखडे काढत आणि गावकऱ्यांना विचारून कोणता दगड कोणी कधी फोडला हेही टिपून ठेवत. त्यांनी पाहिला तेव्हा ओबेलिस्क पडलेला होता, पण अजून शाबूत होता. १७२३ मध्ये त्यांनी त्याचे चित्र काढले. पुढे १७४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याची मापे दिली आहेत: बुडाशी गोलाकार, लांबी २१ फूट, व्यास ८ फूट ९ इंच. या नोंदीनंतर केव्हातरी तो दगड फोडला गेला, आणि म्हणून त्याविषयीचा आपला सर्वांत मोठा साक्षीदार हा एक माणूस आहे.

आता या साक्षीदारावर किती विसंबायचे, हा खरा प्रश्न आहे, आणि त्यात थोडे रेंगाळावे लागेल. स्ट्यूकलींच्या डोक्यात ड्रुइड, म्हणजे प्राचीन ब्रिटनमधल्या पुरोहितांचे वेड होते. संपूर्ण एव्हबरी म्हणजे एक महाकाय सर्प आहे, दोन्ही बाजूंना जाणारे दगडांचे मार्ग हे त्याचे शरीर आणि आग्नेयेकडच्या टेकडीवरचे ‘सँक्च्युअरी’ नावाचे दगडी वर्तुळ हे त्याचे डोके, असे त्यांचे मत बनले. डोके गोल असून चालेना, म्हणून जागेवर काढलेल्या आराखड्यात जी वर्तुळे होती, ती ग्रंथात लंबगोल झाली. सँक्च्युअरी स्ट्यूकलींच्या डोळ्यांदेखत नष्ट झाले होते. १९३० मध्ये मॉड कनिंग्टन यांनी त्याचा ठिकाणा त्यांच्याच लिखाणाच्या आधारे पुन्हा शोधला आणि खणून पाहिले, तर खड्डे वर्तुळातच होते. म्हणजे कल्पनेला साजेसा आकार देण्याचा दोष त्यांच्याकडे होता, हे उघड आहे. दुसऱ्या पारड्यात मात्र बेकहॅम्प्टनचे उदाहरण पडते. एव्हबरीच्या पश्चिमेला बेकहॅम्प्टनकडे दगडांचा एक दुहेरी मार्ग जात होता, असे स्ट्यूकलींनी लिहिले होते. तिथे फक्त दोन दगड उरले होते, ज्यांना लोक आदम आणि ईव्ह म्हणतात. सर्पाला शेपूट हवी म्हणून हा मार्ग त्यांनी कल्पनेने जोडला असावा, असे पुढच्या अनेक अभ्यासकांना वाटत राहिले. १९९९ मध्ये तिथे उत्खनन झाले आणि दगडांचे खड्डे आणि पुरलेले दगड ओळीने मिळाले. तेव्हापासून माझ्यासारख्यांची धारणा अशी झाली आहे की, स्ट्यूकलींनी जागेवर टेप धरून लिहिलेले जवळजवळ नेहमी खरे निघते. घरी बसून त्याचा अर्थ लावताना ते घसरतात. ओबेलिस्कची लांबी-रुंदी पहिल्या प्रकारात मोडते.

तरीही एका माणसाच्या वहीवर पुरातत्त्व उभे राहत नाही. दुसरा पुरावा जमिनीतून यावा लागतो, आणि तो १९३९ मध्ये आला. अलेक्झांडर कीलर हे डंडीच्या मार्मालेडच्या व्यवसायातून आलेल्या संपत्तीचे वारस. त्यांनी एव्हबरीतील जमिनी विकत घेऊन १९३७ ते १९३९ असे तीन हंगाम वर्तुळांच्या आत उत्खनन केले. शेवटचा हंगाम दक्षिणेकडच्या वर्तुळात होता, आणि त्यात ओबेलिस्कच्या जागेचा खड्डा उघडा पडला. महायुद्ध सुरू झाल्याने काम तिथेच थांबले.

खड्डा सापडला म्हणजे नेमके काय सापडते, हे जवळून सांगायला हवे, कारण बाहेरच्या माणसाला ‘खड्डा’ म्हणजे रिकामी जागा वाटते. एव्हबरीची जमीन खडूची आहे, फळ्यावरच्या खडूसारखी पांढरी आणि मऊ. एकदा तीत खड्डा घेतला, तर तो चार-पाच हजार वर्षांनीही मिटत नाही. आत नंतर भरलेली माती तपकिरी असते आणि भोवतालचा अस्पर्श खडू पांढरा असतो, त्यामुळे वरचे गवत काढून लहान करणीने पृष्ठभाग खरवडला की कडा आखल्यासारख्या दिसतात. दगड उभा करताना त्याच्या बुडाभोवती लहान दगड आणि कुटलेला खडू ठासून भरतात, जसे आपण मांडवाचा खांब रोवताना खड्ड्यात धोंडे ठोकतो. दगड गेला तरी हे ठासलेले भरण बरेचदा जागीच राहते आणि दगडाच्या बुडाचा आकार दाखवते. दगड जाळून फोडला असेल, तर खड्ड्याशेजारी दुसरा एक उथळ खळगा मिळतो. त्यात जळलेल्या पेंढ्याची काळी राख असते आणि उष्णतेने लालसर पडलेल्या ढलप्या असतात. एव्हबरीचे दगड सार्सन नावाच्या अतिकठीण वालुकाश्माचे आहेत. त्याचा साधा तुकडा करडा असतो, भाजलेला तुकडा गुलाबी-लाल होतो, आणि एकदा पाहिला की डोळा चुकत नाही. म्हणून वहीत मापे, जमिनीत खड्डा, ही दोन स्वतंत्र माणसांची, दोन वेगळ्या शतकांतली साक्ष एकाच जागेवर जुळते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

दगडाच्या वजनाचा अंदाज लोक नेहमी विचारतात, म्हणून स्ट्यूकलींच्या मापांवरून एक साधा हिशेब मांडतो. २१ फूट म्हणजे ६.४ मीटर, ८ फूट ९ इंच म्हणजे साधारण २.६७ मीटर. हा सरळ गोल खांब आहे असे मानले, तर घनफळ सुमारे ३६ घनमीटर येते आणि सार्सनची घनता पाण्याच्या अडीचपट धरली, तर वजन ९० टनांच्या घरात जाते. पण दगड वर निमुळता होत गेला असणार, त्यामुळे प्रत्यक्ष वजन याहून बरेच कमी असेल. ते ५० ते ६० टन असावे, असे मी धरतो. हा माझा हिशेब आहे, कोणा अहवालातला नव्हे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पडलेल्या दगडाची २१ फूट लांबी म्हणजे त्याची उभी उंची नव्हे, कारण त्यातला काही भाग जमिनीत रोवलेला असणार. कोव्हच्या एका दगडाच्या स्थैर्याचे काम २००३ मध्ये झाले, तेव्हा तो जमिनीखाली अपेक्षेहून कितीतरी खोल गेलेला आढळला आणि त्याचे वजन शंभर टनांपर्यंत असू शकते असा अंदाज पुढे आला. जमिनीवर दिसणाऱ्या भागावरून या दगडांची मापे काढणे किती फसवे असते, ते यावरून समजते.

आता तो गेला कुठे. एव्हबरीचे दगड दोन वेगवेगळ्या काळांत आणि दोन वेगळ्या रीतींनी नाहीसे झाले, आणि हा भेद ध्यानात आल्याशिवाय तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर समजत नाही. मध्ययुगात, विशेषतः चौदाव्या शतकाच्या सुमारास, दगड पुरले गेले. शेजारी लांबट खड्डा खणायचा, दगड त्यात लोटायचा आणि माती ढकलायची. नांगराला अडथळा नको म्हणून हे केले, की चर्चच्या दबावाने, यावर वाद आहे. मला तर दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असण्यात काही अडचण दिसत नाही. १९३८ मध्ये अशाच एका पुरलेल्या दगडाखाली माणसाचा सांगाडा मिळाला. त्याच्याजवळ कात्री, एक सुईसारखे हत्यार आणि चौदाव्या शतकाच्या आरंभीची चांदीची नाणी होती, म्हणून तो फिरता न्हावी-वैद्य असावा आणि दगड पाडताना चिरडून मेला असावा, ही गोष्ट प्रसिद्ध झाली. हा सांगाडा दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावात नष्ट झाला, असे बरीच वर्षे समजले जात होते. तो विसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये पुन्हा मिळाला आणि तपासणीत चिरडल्याच्या स्पष्ट खुणा आढळल्या नाहीत. चांगली गोष्ट पुरावा आल्यावर सोडून द्यावी लागते, एवढ्यासाठीच हे सांगितले.

सतराव्या शतकाच्या अखेरीस मात्र पुरण्याऐवजी फोडणे सुरू झाले. स्ट्यूकलींच्या नोंदीप्रमाणे आगीने दगड फोडण्याची युक्ती वॉल्टर स्ट्रेच नावाच्या गावकऱ्याने १६९४च्या सुमारास काढली, आणि पहिला प्रयोग केला तो दक्षिणेकडच्या वर्तुळातल्या, खानावळीसमोर रस्त्यात उभ्या असलेल्या दगडावर. त्या एका दगडातून वीस गाड्या भरतील एवढा माल निघाला आणि खानावळीच्या जेवणघराची बाजू त्यातून बांधली गेली. रीत अशी होती: दगड पाडायचा, खाली पेंढा भरून पेटवायचा, दगड चांगला तापला की ज्या रेषेवर तो तोडायचा आहे त्या रेषेवर थंड पाण्याची धार धरायची आणि लगेच घण घालायचे. सार्सन छिन्नीला दाद देत नाही, पण अचानक थंड पडला की तडकतो. खर्च आणि धोका दोन्ही मोठे होते. दगड फोडणाऱ्यांपैकी टॉम रॉबिन्सन नावाच्या माणसावर स्ट्यूकलींचा विशेष राग होता, इतका की आपली कीर्ती व्हावी म्हणून मंदिर जाळणाऱ्या ग्रीक हेरोस्ट्रेटसशी त्यांनी त्याची तुलना केली आहे. मला या लोकांविषयी फार राग येत नाही. आपल्याकडे किती गढ्यांचे चिरे शेजारच्या घरांच्या जोत्यात बसले आहेत, हे ज्याने पाहिले आहे, त्याला एव्हबरीचे शेतकरी परके वाटणार नाहीत.

तेव्हा ओबेलिस्क बहुधा गावाच्या भिंतींत, जोत्यांत आणि कुंपणांत विखुरलेला आहे. एव्हबरीत फिरताना सार्सनच्या भिंती जागोजागी दिसतात. (सार्सनच्या भिंतींना आतून ओल सुटते, ही तक्रार त्या भागात जुनी आहे, दगडाने थोडा सूड घेतला म्हणायचा.) पण कोणता तुकडा ओबेलिस्कचा, हे सांगणे आज शक्य नाही. आपण कदाचित वाचले असेल की २०२० मध्ये स्टोनहेंजच्या बहुतेक सार्सन दगडांचे मूळ ठिकाण रासायनिक परीक्षणाने वेस्ट वुड्स या जंगलात निश्चित झाले. त्यासाठी १९५८ मध्ये एका दगडातून काढलेला आणि अनेक दशके एका खासगी माणसाने जपून ठेवलेला गाभा उपयोगी पडला. ही पद्धत दगड कोणत्या भागातून आणला ते सांगते, भिंतीतले दोन तुकडे एकाच दगडाचे आहेत की नाहीत ते सांगत नाही. शेजारशेजारून आणलेले दहा दगड रासायनिकदृष्ट्या सारखेच असू शकतात.

तिसरा प्रश्न आता सोपा होतो. कीलर यांनी एक नियम पाळला: जो दगड पुरलेला सापडला तो मूळ खड्ड्यात पुन्हा उभा केला, आणि जो जाळून फोडला गेला त्याच्या जागी काँक्रीटची खूण बसवली. दगड पुरलेला असेल, तर तो तोच दगड असतो आणि त्याचा खड्डाही तोच असतो, म्हणून तो उभा करणे म्हणजे नक्कल नव्हे. ओबेलिस्क उभा करायचा म्हणजे दुसराच एखादा सार्सन आणून त्याला ते नाव द्यावे लागले असते. पुढे स्मारकांच्या जतनाविषयीच्या १९६४च्या व्हेनिस सनदेने हाच विचार तत्त्व म्हणून मांडला: अस्तित्वात असलेले पण विस्कटलेले भाग जोडण्यास परवानगी, नव्याने घडवण्यास नाही. एव्हबरी १९८६ पासून स्टोनहेंजसह जागतिक वारसा यादीत आहे, तेव्हा आज तर हा प्रश्नच उद्भवत नाही. कीलर यांच्यावर टीका झाली ती वेगळ्या कारणाने: त्यांनी गावातली काही घरे हटवली आणि जागेला बागेचे रूप दिले, असे म्हणतात. खुणांचा नियम मात्र मला आजही काटेकोर वाटतो.

एक गोष्ट कीलर यांनी खणली, पण त्यांना तिचा अर्थ लागला नाही, आणि ओबेलिस्कसंबंधी गेल्या काही वर्षांतली सर्वांत मोठी भर तीच आहे. ओबेलिस्कजवळ त्यांना लहान दगडांची एक सरळ ओळ मिळाली होती, आणि तिथेच एका इमारतीच्या खुणा दिसल्या होत्या, ज्यांना त्यांनी मध्ययुगीन गाडीखाना मानले. २०१७ मध्ये लेस्टर आणि साउथॅम्प्टन विद्यापीठांच्या पथकाने, मार्क गिलिंग्ज आणि जोशुआ पोलार्ड यांच्यासह, त्याच जागी जमिनीचा विद्युतरोध आणि भूवेधी रडार वापरून न खणता पाहणी केली. त्यात दिसले की ती ओळ एका चौकोनाची बाजू होती. प्रत्येक बाजू सुमारे ३० मीटर, आणि त्या चौकोनाच्या मध्यावर ओबेलिस्क. वर्तुळांच्या या जागी चौकोन कोणी अपेक्षिलाच नव्हता. पथकाचे म्हणणे असे की, कीलर यांना दिसलेली इमारत मध्ययुगीन नसून नवाश्मयुगाच्या आरंभीचे एक घर असावे, आणि त्या घराची जागा जपण्यासाठी आधी चौकोन, ओबेलिस्क आणि मग त्याभोवती वर्तुळे उभी राहिली असावीत. यातला चौकोन मी पक्का मानतो. घर संभाव्य मानतो, कारण खांबांच्या खड्ड्यांची मांडणी गाडीखान्यापेक्षा घराला अधिक जुळते. त्या घराच्या स्मृतीवर सारे एव्हबरी उभे राहिले, हे मात्र अनुमान आहे. सुंदर आहे, पण त्यासाठी पुन्हा खणावे लागेल आणि तारखा लागतील.

आपण विदर्भातील शिलावर्तुळांशी याचा काही संबंध आहे का, असे ओझरते विचारले आहे. नागपूरजवळच्या जुनापाणी येथे अशी सुमारे तीनशे वर्तुळे आहेत. रिव्हेट-कार्नक या ब्रिटिश अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात तिथे खणले होते. ती लोहयुगातली, एव्हबरीहून जवळजवळ दोन हजार वर्षांनी अलीकडची, आणि दफनाशी जोडलेली आहेत. वंश किंवा संस्कृतीचा संबंध शून्य. धोंडे हरवण्याचा संबंध मात्र आहे. आपल्याकडे धोंडे बहुधा उथळ बसवलेले असतात, म्हणून शेतकऱ्याने एखादा उचलून बांधावर नेला की काळ्या मातीत त्याची खूण दोन-चार पावसाळ्यांत पुसली जाते. खडूच्या जमिनीला जी स्मरणशक्ती आहे, ती रेगुर मातीला नाही. त्यामुळे आपल्याला स्ट्यूकलींसारख्या वहीची गरज त्यांच्यापेक्षा जास्त आहे.

आपल्या नातीसाठी एक उपाय सुचवतो. काँक्रीटचा ठोकळा हा दगडाच्या आकाराचा इशारा आहे, मापाचा नव्हे, आणि तो पाहून दगड लहान होता असा समज होतो. पुढच्या वेळी तिला ठोकळ्यापाशी उभे करा आणि आपण गवतातून साधारण साडेआठ पावले चालत जा. तेवढ्या अंतरात तो दगड १७२३ मध्ये आडवा पडलेला होता, आणि त्याच्या बुडाची रुंदी आपल्या साडेतीन पावलांएवढी होती.